दारावरची माती

“दाराला माती लावायच्या आधी आत हाक द्यायची,” गेटवर कार्डांची यादी सुरू झाली त्या आठवड्यात जोडकाकांनी मला पुन्हा बजावलं होतं. “आणि हाक देऊन पळायचं नाही. उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही तर आत जाऊन बघून यायचं.”

मी हसले होते. “काका, आपण दोघंच तर असतो इथे. आणि आता यादी आहे ना?”

“यादी गेटवर आहे. दार इथे आहे.”

मी मान डोलावली आणि कामाला लागले. मान डोलावणं मला छान जमतं. सासूबाईंपुढे बराच सराव झालाय.

मी तेव्हा एका संग्रहालयाच्या तळघरात कंत्राटावर होते. वर नवं दालन उभं राहत होतं. जुन्या संस्कृतींमध्ये माणसांचा व्यवहार कसा वाढत गेला, घरातल्या रांजणापासून ते समुद्रापलीकडच्या व्यापारापर्यंत, हे त्यात दाखवायचं होतं. फलक सहा, प्रत्येकी ऐंशी शब्द. ते शब्द लिहिणं हे माझं काम. हजारो वर्षं आणि चारशे ऐंशी शब्द. इतिहासात दोन पदव्या घेतल्या, मग लग्न, मग मूल, मग दीड वर्ष घरी, आणि आता हे. तक्रार नव्हती. फक्त झोप नव्हती.

मुलगी अडीच वर्षांची. सापडेल ते तोंडात घालते म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. नवरा दुसऱ्या शहरात, शनिवारी येणार आणि रविवारी संध्याकाळी डबा घेऊन परत जाणार. सकाळी निघताना मी गॅस तीनदा बघते. जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. झोपलेल्या मुंगीच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का तेही बघते. हे सांगतेय ते एवढ्यासाठी, की मी बघत नाही असं माझ्याबद्दल कोणी म्हणू शकणार नाही. मी सगळं बघते.

जोडकाकांचं काम नावातच होतं. उत्खननातून आलेली खापरं धुवायची, टबात भिजवायची, वाळवायची, आणि कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला लागतो ते शोधून भांडं उभं करायचं. सत्तरी कधीच उलटली होती. निवृत्त करून झालं होतं, पण ते काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, म्हणून रोजावर परत बोलावलं होतं. एका लाँड्रीच्या मागे एका खोलीत एकटे राहायचे. फोन ठेवत नसत. “ज्याला काम आहे तो येतो की,” म्हणायचे.

दाराच्या मातीची गोष्ट त्यांच्याच काळातली. तीस वर्षांपूर्वी उत्खननाच्या तंबूत कोठी होती आणि कुलूप नव्हतं. तेव्हा कोणीतरी गंमत म्हणून जुन्या लोकांची पद्धत उचलली: दाराची दोरी खुंटीला गुंडाळायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा, त्यावर शिक्का दाबायचा. सकाळी गोळा अखंड असला म्हणजे रात्री आत कोणी गेलं नाही. खापरं तळघरात आली तशी पद्धतही आली. दाराला बाहेरून कडी, कडीवर दोरी, दोरीवर माती. शिक्का होता वाकड्या शिंगांच्या बोकडाचा, जुन्या शिक्क्याची नक्कल. लावणाऱ्याने मातीच्या कडेला आपला अंगठाही उमटवायचा, म्हणजे कोणी लावला ते कळतं. सकाळी फोडलेले तुकडे फेकायचे नाहीत, डब्यात टाकायचे. असे डबे फळीवर ओळीने होते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, पाहुण्यांना खाली आणून हे कौतुकाने दाखवायच्या.

शेवटी जो निघेल त्याने माती लावायची. काका साडेपाचला निघत, मी सहाला. त्यामुळे माती माझ्याकडे आली. निघताना ते त्याच मातीतून चिमूटभर घेऊन एक इवलंसं जनावर करायचे आणि माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचे. “मुंगीचा शिधा,” म्हणायचे. मी घरी जाऊन आधी मुंगीला बजावायची, हे खायचं नाही. ती मान डोलवायची. कोणावर गेली आहे ते सांगायला नको.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फलकावर मी अडले होते. घरातला रांजण कळतो. मोठं कोठारही कळतं. पण एकातून दुसरं कसं झालं, हे ऐंशी शब्दांत बसेना.

काकांनी एक वाडगा माझ्यापुढे ठेवला. जाड, खडबडीत, कड तिरकी कापल्यासारखी. असले वाडगे आमच्याकडे नऊशेच्या वर होते. सगळे एका मापाचे, कारण साच्यात थापलेले. सुंदर म्हणावं असं त्यांत काहीही नव्हतं.

“चाळीस घरांचं गाव असतं,” काका म्हणाले, “तेव्हा कोणाच्या रांजणात किती आहे ते सगळ्यांना ठाऊक. म्हातारी आजारी असली तर शेजारीण बघून येते. तिथे वाडगा कशाला लागतोय? चार हजार माणसं झाली, कोणी कालवा खणतंय, कोणी विटा पाडतंय, कोणी लोकर कातत बसलंय, की कोठारवाला कोणाकोणाला तोंडाने ओळखणार? मग हा आला. आलास? कामावर होतास? घे, एक वाडगा धान्य. पुढचा.”

“म्हणजे हे वाढलं म्हणून मोजमाप आलं, की मोजमाप आलं म्हणून वाढलं?”

“ते तू लिही. शिकलेली तू आहेस.”

“आणि शिक्का?”

“शिक्का म्हणजे, मी तुला ओळखत नाही, पण ही माती मी ओळखतो. झालं. तिथून पुढे मग वजनं, ओझी, नावा, परमुलुखातले मणी, सगळं त्या मातीवर चाललं. मोठं व्हायचं तर हे करावंच लागतं. त्यात वाईट काही नाही.”

मी ते लिहून घेतलं. नव्वद शब्द झाले.

त्या ढिगात थोडे वाडगे निम्म्या मापाचेही होते. पोरांसाठी असतील, असा एक अंदाज. तेवढ्या पोरांनी काय काम केलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात शिरला की निघायचा नाही. मी ते वाडगे मागच्या फळीवर ठेवायला सांगितले होते.

काकांचं वेगळंच चालायचं. साच्यात माती दाबताना बोटांचे ठसे आतल्या बाजूला राहतात. काका वाडगा दिव्याखाली तिरका धरायचे आणि म्हणायचे, “ही बघ, आली.” एक कारागीर होती, किंवा होता, पण काका तिला बाईच म्हणायचे. तिची करंगळी वाकडी होती. प्रत्येक वाडग्याच्या तळाशी चार सरळ खळगे आणि पाचवा तिरपा. नऊशेंतले एकसष्ट तिचे. काकांनी तिचं नाव ठेवलं होतं वाकडबोटी.

“तुमची तिच्याशी सोयरीक जुळली असती बघा,” मी एकदा म्हटलं.

“वयात फार अंतर आहे,” काका म्हणाले. “लोक नावं ठेवतील.” मग वाडगा खाली ठेवत, “वरच्या थरात ती नाही. मध्येच थांबते. वाडगे तेवढेच निघतात, पाचवा खळगा सरळ. कोणी विचारलं असेल का गं, की ती कुठे गेली?”

“कुणास ठाऊक.”

“माप तर चुकलं नाही. मग कोण विचारतंय?”

दालनाचं काम वाढलं तशी माणसं वाढली. सुतार, काचवाले, वीजवाले, रंगारी. पूर्वी तळघरात शिरताना दाराशेजारच्या कोनाड्यात आपापला मातीचा बिल्ला ठेवायचा आणि निघताना उचलायचा, अशीही एक पद्धत होती. पण चाळीस माणसांना बिल्ले कुठून पुरवणार? मग गेटवर कार्डाचं यंत्र आलं. प्रत्येकाने येताना-जाताना कार्ड लावायचं, यादी माझ्या संगणकावर दिसणार: आत, बाहेर, वेळ. ती यादी कशी असावी हे मोठ्या बाईंना टिपण करून देणारी मीच. मला त्याचा थोडा अभिमानही होता. मागच्या कोठीतले दिवेही तेव्हाच बदलले. हालचाल नसली की आपोआप बंद.

त्या गुरुवारी चार वाजता मोठ्या बाई खाली आल्या. मांडून ठेवलेल्या पाच वाडग्यांकडे बघून म्हणाल्या, “पाचांनी काय होतंय? लोकांना प्रचंडपणा जाणवला पाहिजे. ढीग हवा ढीग. अजून बारा तरी काढा.”

त्या गेल्यावर मी काकांना सांगितलं.

“बाराच?” काका म्हणाले. “तेवढ्याने बाईंचं पोट भरेल?” आणि स्टूल उचलून मागच्या कोठीत गेले.

पाच वाजून दहा मिनिटांनी पाळणाघरातून फोन आला. तळघरात आवाज तुटतो, म्हणून मी फोन कानाला लावून जिन्याकडे धावले. मुंगी ओकली होती. अंग कोमट लागत होतं. “घाबरू नका, पण लवकर या,” ताई म्हणाल्या. घाबरू नका म्हटलं की मी आधी घाबरते. मग डॉक्टरांना फोन, मग नवऱ्याला फोन, त्याने उचलला नाही, मग परत डॉक्टरांना. वर भिंतीत भोकं पाडायचं यंत्र घरघरत होतं, मी एक कान दाबून ओरडून बोलत होते. खाली आले तेव्हा साडेपाच उलटून गेले होते.

मी यादी बघितली. हे मला लख्ख आठवतंय. मी बघितली. जोडकाका: बाहेर, पाच एकतीस. मागच्या कोठीकडे मान वळवून बघितलं. अंधार होता. म्हणजे मी जिन्यावर असताना गेले असणार. संगणक बंद केला, पर्स उचलली, कडी घातली, दोरी गुंडाळली, माती थापली. बोकड स्वच्छ उमटला. कडेला अंगठा दाबला आणि धावले.

हाक दिली नाही.

मुंगीला काही झालं नव्हतं. कोणाच्या तरी डब्यातलं जास्त खाल्लं होतं. घरी आल्यावर पाच मिनिटांत ती सोफ्यावरून उड्या मारत होती आणि मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. तिने नेहमीसारखा पर्सच्या कप्प्यात हात घातला.

“आई, शिधा?”

कप्पा रिकामा होता. बारा वाडगे काढायला लावले म्हणून काका रुसले असतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला. म्हातारी माणसंही रुसायला लागली तर मी कोणाकोणाला समजावू?

शुक्रवारी सुट्टी होती. सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी भांडी घासत होते आणि मुंगी खिडकीच्या कट्ट्यावर आपली जनावरं ओळीने लावत होती. हत्ती, कासव, एक शेळीसारखं काहीतरी, एक कान तुटलेला ससा. “कालचं नाही,” ती म्हणाली. मग मला सांगितल्यासारखं, जरा मोठ्याने, “आई. कालचं नाहीच.”

माझे हात साबणात तसेच थांबले. सात महिन्यांत एकही दिवस चुकला नव्हता. ताप होता त्या दिवशी तो माणूस फक्त गेटपर्यंत आला होता आणि गेटवाल्या दादांकडे माशासारखं काहीतरी ठेवून परत गेला होता. काका रुसले तर माझ्यावर रुसतील. मुंगीवर?

मी ओल्या हातानेच फोन लावला. सुट्टीच्या दिवशीही दादा गेटवर असत.

“दादा, काल जोडकाकांना जाताना बघितलंत?”

“पाच एकतीसला गेले ना. यंत्रात आहे.”

“यंत्रातलं नको. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत का?”

पलीकडे त्यांनी खुर्ची सरकवली.

“असं आहे ताई,” दादा म्हणाले, “त्यांचं कार्ड माझ्याकडेच असतं. विसरतात हो ते. मग अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागते. म्हाताऱ्या माणसाचं कशाला नुकसान, म्हणून साडेपाचला मीच लावतो. रोज.”

“आणि काल?”

“रोज दिसतात ते जाताना. काल काचांचा ट्रक आला होता. कार्ड लावलं आणि मी मागच्या फाटकाला गेलो.”

“खाली जा,” मी म्हटलं. “आत्ता. फोन चालू ठेवून जा.”

जिन्यावर त्यांचे बूट वाजले. मग ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हायसं वाटल्याचं मला ऐकू आलं, “ताई, उगाच घाबरलात. शिक्का अखंड आहे. बोकड जसाच्या तसा. आत कोणी असणं शक्यच नाही.”

“दादा, शिक्का मीच लावलाय. फोडा तो!”

“पण मोठ्या बाई...”

“फोडा!”

मग आवाज तुटला. तळघरात तुटतोच.

मुंगीला कडेवर घेऊन मी जशी होते तशी निघाले. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी काय काय कबूल केलं, कोणाकोणाला, ते राहू दे. मुंगी विचारत होती, आपण शिधा आणायला चाललोय का. मी हो म्हणत होते.

काका मागच्या कोठीत दोन मांडण्यांच्या मधल्या बोळात होते. पाठ मांडणीला टेकलेली, उजवा पाय भलत्याच बाजूला वळलेला, ओठ पांढरे. दादा त्यांना झाकणातून पाणी पाजत होते. स्टूल आडवं पडलं होतं. शेजारी वाडगे एकात एक रचून ठेवले होते. बारा.

“एकही फुटला नाही,” काका म्हणाले.

मी खाली बसले.

“पोरीचं अंग कोमट होतं ना? जाताना बोलत होतीस. बरी आहे?”

मुंगी माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होती. “काका, शिधा?”

“आज कोठार बंद आहे गं बाई,” ते म्हणाले, आणि हसताना त्यांचा चेहरा दुखण्याने आवळला.

नंतर रुग्णवाहिकेची वाट बघताना त्यांनी एवढंच सांगितलं, की स्टूल घसरलं, उठता येईना, दिवा विझला. माती थापल्याचा आवाज त्यांना आला होता. त्यांनी हाक मारली होती. वर भोकं पाडायचं काम चालू होतं. पुढचे सतरा तास त्यांनी खापरं भिजवायच्या टबातलं पाणी ओंजळीने पिऊन काढले. टब हाताच्या अंतरावर होता म्हणून.

ते आता म्हणतील, हाक का नाही दिलीस, म्हणून मी वाट बघत होते. म्हणायला हवं होतं. त्यांनी विचारलं, “शिक्का अखंड होता ना?”

“हो.”

“मग तुझं बरोबरच होतं. अखंड शिक्क्याच्या आत माणूस नसतो. शिक्का आल्यापासून सगळे असंच मानत आलेत.”

दादा दारात उभे होते. त्यांच्या तळहातावर फोडलेल्या मातीचे तुकडे होते. “ताई, हे कुठे ठेवू?” ते विचारत होते. “डब्यातच का?”

मी ते रुमालात बांधून घेतले. अजून माझ्या स्वयंपाकघरात आहेत, गॅसच्या वरच्या फळीवर. मोठ्या तुकड्यावर बोकडाचं शिंग आहे आणि कडेला माझा अंगठा. सकाळी गॅस बघताना तेही बघते.

काकांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. चालणं आता लोखंडी आधाराने, खोलीतल्या खोलीत. तळघराचा जिना संपला. मोठ्या बाईंनी चौकशी केली, फार हळहळल्या आणि यादीत एक रकाना वाढवला. दादांना कार्डाबद्दल लेखी ताकीद मिळाली. मला काही मिळालं नाही, कारण यादीप्रमाणे माझी काहीच चूक नव्हती. तिसऱ्या फलकात मी शेवटी एक वाक्य घातलं होतं, शिक्का लावणारा आत हाक देत असेल का, असं. ते शब्दमर्यादेत बसलं नाही. दालनाला गर्दी चांगली होते म्हणतात. वाडग्यांचा ढीग लोकांना आवडतो. खालून चौथा वाकडबोटीचा आहे, पण वरून दिसत नाही.

माझं कंत्राट संपलं. रविवारी नवरा गाडीत बसला की मुंगीला घेऊन मी लाँड्रीमागच्या खोलीकडे जाते. मुंगी माती नेते, काका जनावर करतात. ती सात दिवसांची सात मागते. मध्ये दोन रविवार जमलं नाही. एकदा तिला सर्दी, एकदा मलाच अंथरुणातून उठवेना. लाँड्रीवाला म्हणाला होता, काळजी करू नका, मी आहे. त्या दोन आठवड्यांत मी त्याला रोज विचारायची, आणि तो रोज कळवायचा, सगळं ठीक. तिसऱ्या रविवारी कळलं, तो दुकानातून खोलीचं दार बघायचा. दार रोज लावलेलं असायचं, म्हणजे ठीक.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्याही ओळखीचं असं एक माणूस असेल. कोणीतरी एकटं राहणारं, किंवा तुमच्याच कामाच्या जागी शेवटच्या खोलीत बसणारं, ज्याच्या नावापुढे रोज सगळं ठीक दिसतं. हे वाचून झालं की त्याच्याकडे जा. निरोपाला अंगठ्याचं चित्र आलं, त्यावर भागवू नका. दाराशी जा, हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.